सीस्विप ३.१ करू का नको, यात माझं दीड वर्ष गेलं

सीस्विप ३.१ म्हणजे वेल्डिंग इन्स्पेक्टरचं ब्रिटिश सर्टिफिकेट. भोसरी एमआयडीसीत एका प्रेशर व्हेसल, म्हणजे दाबाच्या टाक्या बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये मी क्यूसीला, म्हणजे तपासणीला होतो. डिप्लोमा मेकॅनिकल, मूळ गाव इस्लामपूरच्या, म्हणजे आताच्या ईश्वरपूरच्या बाजूला, आणि या एकाच शॉपमध्ये सात वर्षं. काम काय तर फिटअप (तुकड्यांची जुळणी) बघायचा, रूट गॅप, म्हणजे जॉइंटच्या तळाची फट मोजायची, वेल्डरने कॅपिंग, म्हणजे वरचा शेवटचा थर मारला की व्हिज्युअल, म्हणजे डोळ्यांनी तपासणी करायची, भेगा शोधायला डीपीचा रंग लावायचा, रिपोर्ट टाइप करायचा, आणि मग थर्ड पार्टीचा, म्हणजे ग्राहकाच्या वतीने तपासणाऱ्या एजन्सीचा माणूस येणार म्हणून केबिनमधला एसी आधी चालू करून ठेवायचा. एएसएनटी लेव्हल टू, म्हणजे जॉब न तोडता तपासायचं सर्टिफिकेट होतं माझ्याकडे, आरटी, यूटी, एमटी, पीटी (एक्स-रे, अल्ट्रासोनिक, मॅग्नेटिक, रंगाची) चारही, पण ते आमच्याकडे सगळ्यांचंच असतं, भोसरीत एखाद्या टपरीवर चहा पीत उभं राहिलात तर शेजारी उभ्या असलेल्या चारातल्या दोघांकडे निघेल.

२०२१ च्या मे महिन्यात एक एक्स्पोर्टची ऑर्डर आली. त्यांच्या आयटीपीमध्ये, म्हणजे काय कधी तपासायचं त्या कागदात एक ओळ होती की व्हिज्युअल इन्स्पेक्शनच्या रिपोर्टवर सीस्विप ३.१ किंवा एडब्ल्यूएस सीडब्ल्यूआय (तसंच अमेरिकन सर्टिफिकेट) असलेल्या माणसाचीच सही पाहिजे. ऑर्डर घेताना ही ओळ कोणीच वाचली नव्हती. मी पहिले सहा रिपोर्ट सही करून पाठवले, सहाच्या सहा परत आले, शेरा एकच, इन्स्पेक्टरचं क्वालिफिकेशन जोडा. मालकांनी मग बाहेरून एक फ्रीलान्सर बोलवायला सुरुवात केली, दिवसाचे साडेचार हजार. माणूस चांगला होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण पहिल्याच दिवशी तो म्हणाला की माझा गेज गाडीत राहिला, तुमचा द्या. मी माझा वेल्ड मोजायचा केंब्रिज गेज दिला. नोझलच्या जॉइंटला एका बाजूला अंडरकट, म्हणजे वेल्डच्या कडेला खाच होती, ती मीच बॅटरी लावून दाखवली, त्याने मान डोलावली, मी लिहून घेतलं, वेल्डरकडून रिपेअर करून घेतलं, संध्याकाळी प्रिंट काढली आणि त्याने सही केली. गेज माझा, डोळे माझे, सही त्याची. त्या रात्री घरी येऊन पहिल्यांदा फी किती आहे ते बघितलं.

तर फी. पाच दिवसांचा कोर्स, परीक्षा, वर १८ टक्के जीएसटी, असं सगळं मिळून मला कोटेशन आलं ८२ हजारांचं. तेव्हा हातात येणारा पगार ३८ हजार, त्यातून मोशीच्या वन बीएचकेचा हप्ता जातो, गावाकडे थोडे पाठवायचे, मुलगी तेव्हा सीनियर केजीला. बायकोने आकडा ऐकला आणि एवढंच म्हणाली, "अहो, आधी हे सांगा की हे केल्यावर पगार कोण वाढवणार आहे? नाव सांगा." मला नाव सांगता येईना. तिचा प्रश्न साधा होता, पण पुढचं सव्वा-दीड वर्ष मी त्याच प्रश्नाच्या भोवती फिरत होतो. सगळेजण कोर्स चांगला का वाईट हे विचारतात, मीही तेच विचारत होतो, आणि कोर्स चांगला आहे हे सगळेच सांगतात कारण तो आहेच चांगला. पण ८२ हजार ते कोर्सचे थोडेच असतात, ते असतात त्या सहीचे, आणि ती सही कोणाला हवी आहे हे माहीत नसेल तर पैसे पाण्यात.

मालकांकडे गेलो. मालक म्हणजे तसे दिलदार, दिवाळीला बोनस वेळेवर, पण पैशाला पक्के. म्हणाले, "करून देतो ना, कंपनीच्या खर्चाने कर, फक्त तीन वर्षांचा बॉण्ड." पगाराचं विचारलं तर म्हणाले ते बघू रे नंतर. मी खूश होऊन घरी आलो आणि हिने डायरी काढली. ही पोस्टात एजंट आहे, आरडीची कामं करते, आकड्यात तिला कोणी फसवू शकत नाही. तिने लिहिलं की बाहेर समजा दहा हजार जास्त मिळत असतील तर तीन वर्षांचे तीन लाख साठ हजार होतात, आणि मालक देतात ८२. "म्हणजे कंपनीच्या खर्चाने नाही, तुमच्याच खर्चाने, आणि तो पण महागातला." दुसऱ्या दिवशी मालकांना म्हटलं विचार करून सांगतो.

आप्पांचं मत घ्यायचा प्रश्नच नव्हता पण त्यांनी ते दिलंच. आप्पा म्हणजे घरचे वडीलधारे, आमच्या भागातल्या साखर कारखान्यात वेल्डर होते, साधे नाही, आयबीआर वेल्डर, म्हणजे बॉयलरच्या सरकारी नियमांखाली पास झालेले, बॉयलरच्या ट्यूबा मारायचे. हंगाम संपला की ओव्हरहॉलिंगला ते ड्रमच्या खाली जे घुसायचे ते जेवायच्या सुट्टीलाच बाहेर, आणि जिथे रॉड पोचतो पण मान पोचत नाही अशा जागी आरशात बघून जॉइंट मारायचे. त्यांनी मला सांगितलं, "आमचा इन्स्पेक्टर पानी हुता बघ. हायड्रोला पान्याचा दाब दिल्यावर टिपका दिसला का जॉइंट खराब, न्हाई दिसला का पास. त्याला कोन सर्टिफिकीट इचारत न्हाई." मी म्हटलं आप्पा, तुम्हालाही बॉयलर इन्स्पेक्टरसमोर टेस्ट पीस मारून दाखवावा लागायचाच की, त्याशिवाय हात लावू देत होते का? ते गप्प बसले, मग म्हणाले, "ते येगळं. त्याला पैसं पडत नव्हतं." खरं आहे. ते कारखाना भरायचा.

माझा एक मित्र आहे, आम्ही त्याला पप्या म्हणतो, डिप्लोमाला बरोबर होता. त्याने २०१७ लाच ३.१ केलं आणि अबुधाबीला गेला. त्याला रात्री फोन लावला तर म्हणाला डोळे झाकून कर, इथे सीव्ही उघडला की आधी तेच बघतात, नसेल तर पुढचं पान उलटतच नाहीत. पण खोदून विचारल्यावर दुसरी बाजूही निघाली. तो प्रोजेक्टवर आहे, प्रोजेक्ट संपला की घरी, मधले पाच-पाच महिने रिकामे जातात. शटडाऊनच्या, म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्तीच्या दिवसात बारा-बारा तास, तेव्हा पैसा बरा दिसतो, पण वर्षाची सरासरी काढली की तो आकडा फोनवर सांगतो तेवढा राहत नाही. आणि माझं तर गल्फला जायचं नक्कीच नव्हतं, आईचं डायलिसिस चालू होतं तेव्हा.

मग मी एक काम केलं, ते मात्र सगळ्यांना सांगतो. एक महिना रोज रात्री जेवण झाल्यावर जॉब साइटवरच्या वेल्डिंग इन्स्पेक्टर आणि क्यूसीच्या जाहिराती बघून वहीत उतरवायच्या, गाव, कंपनी कसली, काय मागितलंय. चाळीसेक झाल्या. आणि चित्र एकदम स्वच्छ दिसलं. पुण्यातले फॅब्रिकेटर, म्हणजे चाकण, तळेगाव, रांजणगाव वगैरे, हे बहुतेक एएसएनटी लेव्हल टू मागतात आणि सीस्विप असेल तर बरं अशी शेपटी लावतात, शेपटीचे पैसे कोणी देत नाही. गल्फवाले जवळजवळ सगळे सीस्विप किंवा सीडब्ल्यूआय मागतात. आणि तिसरी एक जात होती जी माझ्या डोक्यातच नव्हती, थर्ड पार्टी एजन्स्या, ज्या क्लायंटच्या वतीने शॉपमध्ये माणूस पाठवतात. त्यांना इथेच, पुण्यात, गावोगाव फिरणारा माणूस हवा होता आणि त्यांनी ३.१ सरळ अट म्हणून लिहिलं होतं. म्हणजे ज्या माणसासाठी मी एसी लावून ठेवत होतो, तोच माणूस व्हायचं. हिला सांगितलं, नाव सापडलं.

मधे एक-दोन फालतू गोष्टी पण झाल्या. एका क्लासवाल्याने शंभर टक्के प्लेसमेंटसहित पॅकेज सांगितलं, त्यात सीस्विपची परीक्षाच नव्हती, त्यांचंच कुठलंतरी स्वतःच्या लोगोचं वेल्डिंग इन्स्पेक्टरचं सर्टिफिकेट होतं, ते पण ४० हजार. आणि मुंबईच्या एका एजंटने तर सरळ विचारलं की परीक्षेची कटकट कशाला, ३५ हजारात कार्ड बनवून देतो. या कार्डाचा नंबर ऑनलाइन टाकून कोणीही तपासू शकतो हे त्याला माहीत नसेल असं नाही, त्याचं गिऱ्हाईक विमानात बसेपर्यंत काम झालं, पुढे त्याचं नशीब. पप्याच्या साइटवर असा एक जण गेट पासच्या आधीच परत पाठवला होता.

सीडब्ल्यूआयचा पण विचार केला, नाही असं नाही. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीचं, १९७६ पासून चालू आहे, नाव मोठं. त्याचे तीन पार्ट, ए म्हणजे थिअरी, तेव्हा दोन तासात दीडशे प्रश्न, बी प्रॅक्टिकल, त्यात वेल्डच्या प्लास्टिकच्या प्रतिकृती मोजायच्या, आणि सी म्हणजे कोडचं, नियमांचं पुस्तक उघडून उत्तरं शोधायची. तिन्हीत वेगवेगळे ७२ टक्के लागतात. मला खरं तर ते ओपन बुक आवडलं होतं कारण आपलं रोजचं काम तेच आहे, कोड पाठ कोणाचा नसतो, कुठल्या पानावर काय आहे ते माहीत असतं. पण सगळी फी डॉलरमध्ये, दर तीन वर्षांनी रिन्यूअल, आणि माझ्या वहीतल्या थर्ड पार्टीवाल्यांमध्ये सीस्विपचं पारडं जड होतं, त्यामुळे ते सोडलं. सीस्विप ही ब्रिटिश स्कीम, केंब्रिजजवळच्या टीडब्ल्यूआयची, सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं. कोणी अमेरिकन क्लायंटच्या, स्ट्रक्चरलच्या कामात असेल तर त्याचा हिशोब उलटा येऊ शकतो.

फॉर्म भरताना दोन अडथळे. एक, अनुभवावर कंपनीची सही लागते. मालकांनी दिली, जरा तोंड वाकडं करून, पण दिली. दुसरा डोळ्यांचा. जवळचं वाचायला एन ४.५ साइजची अक्षरं तीस सेंटिमीटरवरून वाचता आली पाहिजेत आणि रंगांची टेस्ट. मी म्हटलं आपले डोळे एक नंबर, सात वर्षं पोरोसिटी, वेल्डमधली बारीक छिद्रं शोधतोय. मोशीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी कार्ड धरलं आणि मला शेवटची ओळ वाचता येईना. म्हणजे दिसतंय काहीतरी, पण मुंग्यांची रांग चालल्यासारखं. पस्तीस वय माझं. डॉक्टर हसून म्हणाले एवढं बारीक कोण वाचायला लावतंय तुम्हाला? ते इशिहाराचे रंगीत ठिपक्यांचे आकडे धडाधड सांगितले, पण चष्मा लागलाच. चष्मा घालून दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये गेलो आणि आदल्या आठवड्यात पास केलेल्या एका फिलेटच्या, म्हणजे कोपऱ्यातल्या वेल्डच्या टोला (कडेला) बारीक अंडरकट दिसला. कोणाला बोललो नाही. लिमिटमध्ये होता, मोजला.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये कोर्स केला, मुंबईत, मावसभावाकडे कल्याणला राहून. सोमवार ते शुक्रवार वर्ग आणि लगेच शनिवारी परीक्षा. रोज सकाळची लोकल, मी डब्यात उभा राहून नोट्स वाचायचो म्हणजे वाचायचा प्रयत्न करायचो, कारण पुस्तक उघडायला हात वर काढावा लागतो आणि तो काढता येत नाही.

वर्गात पहिला दिवस भाषेतच गेला. आम्ही सगळे एएसएमई या अमेरिकन कोडवर वाढलेले, रॉडच्या वेल्डिंगला आयुष्यभर एसएमएडब्ल्यू म्हणत आलो, इथे त्याला एमएमए. जीटीएडब्ल्यू नाही, टिग. वर त्यांचे नंबर, १११ म्हणजे एमएमए, १४१ म्हणजे टिग, १३५ म्हणजे मॅग. शॉपमध्ये तर आम्ही टिगला आर्गन आणि मिगला सीओटू म्हणतो, म्हणजे एकाच प्रोसेसची चार नावं डोक्यात. आणि रीइन्फोर्समेंट हा शब्द तोंडातून निघाला की शिकवणारे सर थांबवायचे. म्हणायचे, ते वरचं उंचवट्याचं मेटल काय रीइन्फोर्स करतं सांगा? काही नाही, उलट जेवढा उंचवटा जास्त तेवढा टोला स्ट्रेस जास्त, म्हणून ते एक्सेस वेल्ड मेटल, जास्तीचं. मला पटलं. आमच्याकडे वेल्डर कॅप उंच मारून ठेवतो, मजबूत दिसतं म्हणून, आणि आम्ही पण बघून खूश होतो.

सगळ्यात जास्त कामाचा दिवस तिसरा, हायड्रोजन क्रॅकिंगचा. मी सात वर्षं ७०१८ चे रॉड बेक केले का हे विचारत आलो कारण प्रोसीजरमध्ये लिहिलंय. साडेतीनशे डिग्रीला बेक करा, मग होल्डिंग ओव्हनमध्ये, तिथून वेल्डरच्या पोर्टेबल ओव्हनमध्ये. का, ते कोणी विचारलं तर ओलावा येतो म्हणून, बस. इथे समजलं की हायड्रोजन, स्ट्रेस, कडक झालेलं एचएझेड (वेल्डशेजारचा तापलेला भाग) आणि तापमान ३०० च्या खाली येणं, या चार गोष्टी एकत्र आल्या तर क्रॅक, आणि तोही वेल्ड झाल्या झाल्या नाही, जॉब थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी. म्हणजे एक काढून घेतली तरी वाचलो. प्रीहीट का देतात, कार्बन इक्विव्हॅलंट, म्हणजे स्टील किती कडक होईल त्याचा आकडा वाढला की का घाबरायचं, जाड प्लेटला का जपायचं, सगळं एका माळेत आलं. आणि मला आमच्या शॉपमधला एक पोर्टेबल ओव्हन आठवला ज्याचा लाल दिवा कायम चालू असायचा पण एलिमेंट कधीच जळून गेलेलं होतं, हात लावला तर थंडगार. हेल्पर त्यात डबा ठेवायचा. मी तो डबा बघितला होता, हसलो होतो.

परीक्षेत जनरल थिअरीचे ३० प्रश्न, टेक्नॉलॉजीचे ६०, मग प्लेट, पाइप आणि मॅक्रो. प्रत्येकात ७० टक्के, सरासरी चालत नाही. थिअरी झाली बरी. पाइप बरा. मॅक्रोमध्ये वेल्डचा कापून पॉलिश केलेला छेद दाखवतात, त्यात साइडवॉल फ्यूजन नाही, म्हणजे कडेला धातू एकजीव झाला नाही, स्लॅग अडकलाय वगैरे ओळखायचं, ते पण ठीक. घोटाळा झाला प्लेटला.

प्लेटला पावणेदोन तास असतात. समोर एक वेल्ड केलेली प्लेट, तुमचा गेज, बॅटरी, भिंग, पट्टी. एका कडेपासून अंतर मोजत वरच्या बाजूला आणि रूटच्या बाजूला काय काय आहे ते सगळं कागदावर काढायचं, कुठे आहे, किती लांब, किती खोल, प्लेट वरखाली किती झालीय, एक्सेस किती. मग ते दिलेल्या ॲक्सेप्टन्सशी, म्हणजे काय किती चालेल त्या मर्यादेशी ताडून प्रश्नांची उत्तरं. मी बसलो आणि पहिली दहा मिनिटं मस्त वाटलं, रोजचंच काम. पण शॉपमध्ये सात वर्षांत माझ्या डोळ्याला एक सवय लागली होती, ती मला त्या दिवशी कळली नाही, निकाल आल्यावर कळली. शॉपमध्ये आपण जे रिपेअरला जाणार तेच बघतो. स्पॅटर, उडालेले थेंब, दिसला की डोक्यात ग्राइंडर, झाला विषय. आर्क स्ट्राइक दिसला की डोक्यात बफिंग, झाला विषय. ते डोळ्याला दिसतं पण मनापर्यंत पोचतच नाही. आणि आर्क स्ट्राइक म्हणजे किरकोळ नाही, एका क्षणात तापून एका क्षणात थंड झालेला तो ठिपका कडक होतो, तिथूनच क्रॅक निघू शकतो, हे दोनच दिवस आधी वर्गात लिहून घेतलं होतं मी. तरी प्लेटवरचा आर्क स्ट्राइक कागदावर आला नाही. आणि वरच्या बाजूला सव्वा तास घालवला, एका अंडरकटची खोली चार वेळा मोजली, रूटकडे वळलो तेव्हा उरला अर्धा तास. रूटला फ्यूजन न झालेली एक रेघ होती, ती मी जिथे संपली असं लिहिलं तिथे ती संपत नव्हती बहुतेक.

काही आठवड्यांनी निकाल आला. बाकी सगळं पास, प्लेट ६० च्या आत.

हिला सांगायला दोन दिवस लावले. ती काही बोलली नाही, डायरीत परीक्षा या शब्दापुढे कंस करून एक लिहिलं, म्हणजे परीक्षा (१). आप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "पानी लावून बघायचं हुतं." आणि स्वतःच हसले. मालकांना कळलंच, शॉपमध्ये गोष्टी लपत नाहीत, म्हणाले चांगलं झालं रे बॉण्ड केला नाहीस, माझे पैसे वाचले. हे मात्र लागलं.

एक बरं की फक्त नापास झालेला भागच परत द्यायचा असतो. त्याची वेगळी फी, मला १५ हजार पडले. यावेळी तयारी घरी पुस्तकात नाही, शॉपमध्ये केली. स्क्रॅपमधून १२ एमएमचे तुकडे घेतले, आणि आमचा सगळ्यात भारी वेल्डर, बिहारचा आहे, त्याला म्हटलं भैया, मला खराब जॉइंट मारून दे. तो माझ्याकडे बघतच राहिला. "साहब, जानबूझकर कैसे खराब मारें?" तरी प्रयत्न केला बिचाऱ्याने, करंट वाढवला, हात हलवला, पण त्याचा खराब जॉइंट आमच्या इतरांच्या चांगल्यापेक्षा देखणा. शेवटी एक हेल्पर होता, नुकताच होल्डर धरायला शिकत होता, त्याला म्हटलं तू मार, जसं येईल तसं. त्याने अर्ध्या तासात मला खजिना करून दिला. पोरोसिटी, ओव्हरलॅप, अंडरकट, रूटला अर्ध्या भागात पेनिट्रेशन नाही, दोन ठिकाणी आर्क स्ट्राइक आणि एका जागी रॉडच चिकटवलेला. असे नऊ तुकडे झाले. रोज जेवणाच्या सुट्टीत एक तुकडा, घड्याळ लावून, आधी रूट मग कॅप, आणि एकच नियम, काय चालेल काय नाही हा विचार आधी करायचा नाही, जे आहे ते सगळं उतरवायचं, निकाल नंतर. त्या पोराला मी नंतर एक शर्ट घेतला.

मार्च २०२३ ला परत गेलो, प्लेट झाली.

आता पैशाचं. पास झाल्यावर मालकांकडे पेढे घेऊन गेलो आणि बरोबर एक कागद पण. वर्षभरात तो फ्रीलान्सर २२ दिवस आला होता, साडेचार हजाराने ९९ हजार होतात. म्हटलं हे आता वाचणार, यातलं थोडं मला द्या. मालकांनी कागद नीट वाचला, दोनदा, आणि दोन हजार रुपये वाढवले. महिन्याला. मला वाटतं चूक माझीच, तो कागद पास झाल्यावर न्यायचा नव्हता, दीड वर्ष आधी, त्यांनी बॉण्ड काढला त्याच दिवशी न्यायला पाहिजे होता, तेव्हा त्यांची गरज होती, आता सही त्यांच्या घरात आली होती. सात महिने मी तिथे सह्या केल्या. ऑक्टोबरमध्ये एका थर्ड पार्टी एजन्सीत लागलो, हातात ५३ हजार. इंटरव्ह्यूला सर्टिफिकेटवर एक मिनिट बोलले, नंबर टाकून बघितला, झालं, पुढचा पाऊण तास सगळा डब्ल्यूपीएस, पीक्यूआर (वेल्डिंगची प्रोसीजर आणि तिच्या टेस्टचा रेकॉर्ड) आणि एक एक्स-रे फिल्म समोर ठेवून हे काय आहे सांग. म्हणजे कार्डाने दार उघडलं आणि आतमध्ये ती सात वर्षंच कामाला आली. नुसतं कार्ड घेऊन आलेली दोन पोरं माझ्याआधी पंधरा मिनिटात बाहेर आली होती, डिप्लोमा संपल्या संपल्या कोणीतरी त्यांना फॉर्म भरायला लावला होता, अनुभवाचं पत्र कुठून आणलं देव जाणे. त्यातला एक मला बाहेर विचारत होता की गेजने थ्रोट, म्हणजे वेल्डची जाडी, मोजायचा कसा.

आता मी चाकण, रांजणगाव, सातारा असा फिरतो. शॉपमध्ये गेलो की कोणीतरी आधीच एसी लावून ठेवलेला असतो आणि चहा येतो. मी गेज माझाच नेतो. क्यूसीचा जो पोरगा बरोबर फिरतो त्याला म्हणतो आधी तू दाखव तुला काय दिसलं ते, आणि खरं सांगतो, तीनपैकी दोन वेळा त्याने माझ्याआधी बघितलेलं असतं. गेल्या महिन्यात अशाच एकाने विचारलं, सर, ३.१ करू का? मी त्याला म्हटलं तुझे रिपोर्ट कोणी परत पाठवलेत का क्वालिफिकेशन नाही म्हणून? नाही म्हणाला. मग वही घे एक, म्हटलं, आणि जाहिराती उतरवायला लाग.

हिच्या डायरीतलं मागचं पान अजून आहे. कोर्स आणि परीक्षा ८२ हजार, परीक्षा (२) १५ हजार, गेज, चष्मा आणि कल्याणचं जाणं-येणं मिळून १० हजार, बेरीज १ लाख ७ हजार. त्याच्या खाली तिने "रजा ५ दिवस" असंही लिहून ठेवलंय, त्याचे पैसे मी धरले नव्हते. नव्या नोकरीपासून दर महिन्याला दहा हजार वजा, कारण वाढले तेरा पण पेट्रोल आणि बाहेरचं जेवण तिने त्यातून कापलं, जुन्या मालकांचे दोन हजार पण तिने सोडले नाहीत, ते सात महिन्यांचे वेगळे दाखवले. ऑगस्ट २०२४ ला हिशोब बरोबरीत आला आणि तिने खाली आडवी रेघ मारली. रेघेखाली आता एकच ओळ आहे, "२०२८ रिन्यूअल, किती?" ते मी अजून विचारलेलं नाही.